एकतिसावा रुमाल

२७ जून २०११, सोमवार

सर्व्हर डाऊन!

सकाळी नऊला अकोल्यात हसनैनभाईच्या सायबर कॅफेत शिरले, साडेबाराला बाहेर पडले. एवढ्या वेळात पाहिलं काय, तर पडद्यावर गोल गोल फिरणारी चकती. मध्येच एकदा पाटी आली — "प्रिय विद्यार्थी, आपले सत्र संपले आहे." अरे, सुरू तरी कुठे झालंय!

आमचे प्राचार्य उन्हाळ्यात पुण्याला कसल्याशा शिबिराला गेले आणि येताना हे पोर्टल घेऊन आले. लोक पुण्याहून बाकरवडी आणतात. आता बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला तुकडी आपली आपण ऑनलाइन निवडायची. सकाळची साडेसात ते साडेबारा, नाहीतर दुपारची साडेबारा ते साडेपाच. सकाळी जागा फक्त साठ. दुपारी कोणी विचारत नाही, म्हणून हव्या तेवढ्या. जो आधी बटण दाबेल त्याची जागा.

मला सकाळचीच पाहिजे. हौस म्हणून नाही. आमच्या बारशीटाकळीला लोडशेडिंग. लाइट असते दुपारी दोन ते सहा, आणि आमची रुई पिंजायची मशीन लाइटवर चालते. अब्बांच्या छातीत तीस वर्षांचं रुईचं तूस बसलंय. डॉक्टरनं मशीनजवळ उभं राहायलाही मनाई केली आहे. तेव्हा दुपारी मशीनवर मी, गाद्या शिवायला अम्मी. सकाळची तुकडी मिळाली तर कॉलेज, नाहीतर घर. अब्बा कधी नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, मशीन लाइट की सुनती. मेरी कहाँ सुनती."

ही वही मराठीत लिहायची. उर्दूत लिहिलं की अम्मी वाचते.

२८ जून, मंगळवार

आज पोर्टल उघडलं. उघडून मला विचारतं — आडनाव?

आमच्याकडे आडनाव नाही. मी निखत, अब्बा अब्दुल रहीम, संपलं. पोर्टलला ते पटेना. रकाना रिकामा ठेवला की लाल होतं. शेवटी "रहीम" टाकलं. आता मी कॉलेजच्या दप्तरी "कुमारी रहीम".

पुढे पासवर्ड. तो म्हणजे आपली जन्मतारीख. अर्ध्या वर्गाची जन्मतारीख एक जून आहे! गावच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, पोरगी कधीची? घरचे म्हणाले, सोयाबीन पेरलं होतं तेव्हाची. गुरुजींनी एक जून लिहून टाकलं. म्हणजे निम्म्या वर्गाचं कुलूप एकाच किल्लीचं. हसनैनभाई म्हणाला, चोरीची भीती नाही, आत चोरण्यासारखं काही नाहीच.

तिसऱ्या पानावर "नियम व अटी मी वाचल्या आहेत", त्यापुढे चौकोन. टिचकी मारली. सगळ्यांनीच मारली. मग फोटो चढवा. फोटो चढेपर्यंत सत्र संपलं.

आणि हे सगळं कागदाची बचत व्हावी म्हणून! अर्जाच्या तीन छापील प्रती, साक्षांकित करून, ऑफिसात जमा करायच्या.

१ जुलै, शुक्रवार

यादी लागली. सकाळची तुकडी: साठपैकी साठ. प्रतीक्षा यादी चौतीस. त्यात माझा नंबर एकतिसावा.

आकांक्षाला सकाळ मिळाली. ही माझी मैत्रीण, मूळची वलगावची. शिकायला अकोल्यात आत्याकडे राहते, कॉलेजच्या मागच्याच गल्लीत. तिला सकाळ मिळो की मध्यरात्र, सारखंच. मी रडकुंडीला आलेली पाहून ती फिदीफिदी हसायला लागली. म्हणाली, "येडी हायेस का तू? मले सकाळ काय कराची? म्या तुह्यासाठी रुमाल टाकला."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एस.टी. स्टँडात लागली की आपण काय करतो? खिडकीतून आत रुमाल फेकतो. रुमाल पडला की जागा आपली, मग निवांत दारातून चढायचं. आपल्या माणसासाठी दुसऱ्यानं टाकला तरी चालतो. मारामाऱ्या होतील, पण टाकलेला रुमाल कोणी उचलून फेकत नाही. वऱ्हाडात तो कायदाच. आकांक्षानं आपल्या नावानं जागा धरली. आता ती उठणार, मी बसणार. मी तिला मिठीच मारली.

घरी येऊन अम्मीला सांगितलं, झालं काम. अम्मीनं शीरखुर्मा नाही, पण शेवया केल्या.

४ जुलै, सोमवार

काम झालेलं नाही.

ऑफिसात वामनराव बाबू आहेत. आमच्या जन्माआधीपासून तिथेच. आम्ही दोघी गेलो, म्हटलं, बाबूजी, हिची जागा माझ्या नावानं करा. त्यांनी चष्मा वर केला. म्हणाले, मागच्या सालापर्यंत हे त्यांच्या हातात होतं, खोडरबरनं करून दिलं असतं. आता आकांक्षानं जागा सोडली की ती प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नंबरला जाणार. आपोआप. माझा एकतिसावा.

"अन् तिचा रुमाल?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरले रुमाल समजत नाही, बाई," वामनराव म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा आनंद होता असं मला वाटलं.

५ जुलै, मंगळवार

गंमत पाहा. आज सकाळची तुकडी भरली. पोर्टलवर साठ, बाकांवर एकोणतीस!

उरलेले एकतीस कोण? सगळे रुमाल. कोणी मावसभावासाठी जागा धरली, कोणी रूममेटसाठी, एकानं तर होणाऱ्या मेव्हणीसाठी. ज्यांच्यासाठी धरली ते सगळे प्रतीक्षा यादीत. आणि धरणारे कोणी सोडत नाहीत. सोडली तर जागा भलत्याच्याच घशात जाणार ना! आख्खी एस.टी. रुमालांनी भरलेली, माणसं खाली उन्हात उभी.

आम्ही प्रतीक्षावाले रिकाम्या बाकांवर बसायला गेलो तर सरांनी उठवलं. यादीबाहेरचं डोकं वर्गात दिसलं तर पोर्टलचा हिशोब जुळत नाही म्हणे. रिकामा बाक चालतो, जास्तीचं डोकं चालत नाही.

मग बाहेर पायऱ्यांवर बसलो. चौतीस जण.

९ जुलै, शनिवार

जयवंताताईबद्दल लिहायचं राहिलं.

ही आमच्या वर्गात, पण आमच्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. लग्न होऊन शिक्षण सुटलं होतं, आता एकटीच असते, पुन्हा नाव घातलंय. दुपारी दोनपासून साडीच्या दुकानात उभी राहते, म्हणून तिलाही सकाळच लागते. त्या एकोणतीस खऱ्या डोक्यांपैकी ती एक. पहिल्याच दिवशी आम्हाला पायरीवर पाहून थांबली. दुसऱ्या दिवशी साडेबाराला वर्ग सुटल्यावर आमच्यात येऊन बसली, वही उघडली आणि सरांनी शिकवलेलं सगळं पुन्हा सांगितलं. तेव्हापासून रोज. दीड वाजेपर्यंत. मग पळत दुकानात.

मी म्हटलं, ताई, तुमचं जेवण? तर म्हणाली, "सांगतानी माह्यंही पाठ होते न. लिव तू."

खरं सांगते, सरांपेक्षा तिचं जास्त कळतं.

१२ जुलै, मंगळवार

पोर्टलवर माझी हजेरी: शून्य टक्के. लाल अक्षरात. कारण प्रतीक्षावाल्यांची नावं तोवर दुपारच्या तुकडीत, आणि दुपारी मी मशीनवर. आकांक्षाचीही लाल, कारण तिचं नाव सकाळी आणि ती झोपलेली. दोघींना एकच निरोप — "आपण कॉलेजला येत नाही असे दिसते. काही अडचण आहे काय? होय / नाही." मी "होय" दाबलं. पोर्टल म्हणालं, धन्यवाद.

पाऊस नाही. दुकानात नवी गादी कोणी मागत नाही. लग्नं पुढे ढकलली की गाद्याही ढकलल्या जातात. जुन्या गाद्या उसवून तीच रुई पुन्हा पिंजून नेतात लोक. काही रुई माझ्याहून वयानं मोठी असेल. तिचं तूस जास्त उडतं. अब्बा दुकानाच्या ओट्यावर बसून तिथूनही खोकतात.

१५ जुलै, शुक्रवार

सुचलं!!

मशीनवर सुचलं. सगळे घाबरतात कशाला? तर आपण रुमाल उचलला आणि आपला माणूस बाहेरच राहिला तर? पण एकतीसच्या एकतीस रुमाल एकाच दिवशी उचलले तर? यादी एकतीस घरं पुढे सरकेल. पहिले एकतीस आत! कोणी कोणासाठी टाकला होता याच्याशी देणंघेणं नाही. आणि एकतिसावी मी.

गणितात मला पहिल्या वर्षी बावन्न मार्क होते, म्हणून लिहून ठेवते.

१८ जुलै, सोमवार

आज पायरीवर सभा. मी आयुष्यात कधी भाषण केलं नाही, पण एस.टी.चा दाखला दिला तेव्हा सगळ्यांना पटलं. बत्तीस, तेहतीस आणि चौतीस नंबरवाल्यांना नाही पटलं. साहजिक आहे. शेवटी तिघांनीही मन मोठं केलं, म्हणाले, आमचं दुपारी जमून जाईल. मला त्यांच्याकडे पाहवेना.

रुमालवाले जास्त चिवट. एक जण म्हणाला, आधी बाकीच्यांना उचलू दे, मग मी. प्रत्येक जण हेच म्हणाला. "आधी तुम्ही, आधी तुम्ही" — लखनौत बसल्यासारखं वाटलं.

जयवंताताईच उभी राहिली. तिची स्वतःची जागा पक्की होती, तिला यात पडायचं काही कारण नव्हतं. म्हणाली, "एकमेकाईवर भरोसा ठेवा न जरा. मशीनवर ठेवला तं पायरीवर बसले."

मग सगळे हो म्हणाले. शुक्रवार ठरला. मी वहीच्या मागच्या पानावर एकतीस नावं लिहिली, कोणी कितवा उचलायचा ते. आकांक्षाला शेवटी ठेवलं, एकतिसावी. तिचा रुमाल माझा, माझा नंबर एकतिसावा, म्हणून.

२२ जुलै, शुक्रवार

झालं! खरंच झालं!

हसनैनभाईकडे चार कॉम्प्युटर, त्यातले दोन जिवंत. सकाळी दहाला सुरुवात. एकेक जण बसतो, "तुकडी बदला" दाबतो, दुपार निवडतो, उठतो, मी नावापुढे बरोबरची खूण करते. बाहेर ही रांग. येणारे-जाणारे विचारत होते, कशाचं वाटप आहे? हसनैनभाईनं सगळ्यांना एकच चहा दोघांत करून पाजला. त्याचा हा वर्षातला सर्वात मोठा धंदा.

यादी रात्री बाराला सरकते असं पोर्टलवर लिहिलंय. म्हणजे उद्या सकाळी आम्ही आत.

जयवंताताई दुकानात जाताजाता डोकावून गेली. तेव्हा अठरा झाले होते. माझ्या वहीत पाहिलं, पाठीवर हात ठेवला. "उद्या माह्या बाजूले बस," म्हणाली.

तीस झाले आणि लाइन गेली. चकती गोल गोल. साडेचार वाजले होते. माझी मशीन आज बंदच होती, अम्मीला सांगून आले होते. एकेक करून सगळे घरी गेले, त्यांचं काम झालं होतं. राहिलो मी आणि आकांक्षा. तिला आत्याकडे पाहुणे होते. म्हणाली, "उद्या करू का वो? एकच तं राह्यला."

"नाही," मी म्हटलं. "माझ्यापर्यंत येऊनच कशी अडते गाडी? आजच कर."

जरा जोरातच बोलले. पाच वाजून दहा मिनिटांनी लाइन आली, तिनं बटण दाबलं. एकतीस!

बसमध्ये मला खिडकी मिळाली. रुमाल न टाकता.

२३ जुलै, शनिवार

सकाळी सहाला बसमध्ये मेसेज आला. सगळ्यांना तोच.

"सकाळची तुकडी किमान संख्येअभावी रद्द करण्यात आली आहे. आपल्या सोयीसाठी आपणास दुपारच्या तुकडीत समाविष्ट केले आहे."

२५ जुलै, सोमवार

नियम व अटी, कलम सतरा. आज वाचलं. पहिल्यांदाच. "कोणत्याही दिवशी सायंकाळी सहा वाजता तीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेली तुकडी आपोआप रद्द होईल."

साठातून एकतीस गेले. सहा वाजता राहिले एकोणतीस. यादी बाराला सरकणार होती. सहा तास आधीच गाडी डेपोत गेली.

सगळे मिळून प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी आम्हाला पडद्यावर आलेख दाखवला. शुक्रवारी सकाळच्या तुकडीची रेघ दरीत कोसळल्यासारखी. म्हणाले, बघा, विद्यार्थ्यांना सकाळ नकोच आहे, पोर्टल नसतं तर आम्हाला हे कळलं असतं का? आम्ही सांगितलं काय झालं ते. जयवंताताईनं तर अगदी पहिल्यापासून, नीट. ते ऐकत होते, पण बघत होते आलेखाकडे. आणि तुकडी एकदा रद्द झाली की वर्षभर पुन्हा उघडता येत नाही. तेही एक कलम आहे.

बाहेर आल्यावर वामनराव म्हणाले, खोडरबर अजून आहे त्यांच्या खणात, पण खोडायला कागदच नाही.

२६ जुलै, मंगळवार

आता सगळे एकच बोलतात. एकानं! फक्त एकानं कमी उचलला असता तर तीस राहिले असते. तुकडी वाचली असती, रात्री बाराला तीस जण आत आले असते. कोण तो शेवटचा? जो तो दुसऱ्याकडे बघतो. एकानं मला विचारलं, वहीत क्रम असेल ना? मी म्हटलं, क्रम कुठे पाळला, जसे आले तसे बसले.

खोटं बोलले. घरी येऊन ते पान फाडलं आणि चुलीत घातलं.

आकांक्षाला माहीत आहे. ती कोणाला काही म्हणाली नाही. माझ्याकडे बघतही नाही.

२८ जुलै, गुरुवार

तीन दिवस दुपारच्या वर्गाला बसले. एका हॉलमध्ये सगळे कोंबलेले, खिडकीत बसून लिहितात. जयवंताताई पहिला तास करते आणि पावणेदोनला उठून जाते. आता तिला पायरीवर बसून सांगायला कोणी नाही. आम्ही सगळे आत असतो.

आज शेवटचा तास सोडून घरी पोचले तर दुकानातून मशीनचा आवाज. अब्बा! तोंडाला फडकं बांधून, जुनी रुई पिंजत होते. अम्मी दारात उभी राहून ओरडत होती. मी बटण बंद केलं तेव्हा ते ओट्यावर येऊन बसले आणि कितीतरी वेळ त्यांना श्वासच घेता येईना. मला पहिल्यांदा इतकी भीती वाटली.

ठरलं. सोमवारी नाव काढायचं. अब्बांना अजून सांगितलं नाही.

३१ जुलै, रविवार

नाव काढायचा अर्जही ऑनलाइनच आहे. "आपण आम्हाला सोडून जात आहात याचे वाईट वाटते. कृपया पाचपैकी तारे द्या."

उद्या ऑफिसात जाऊन कागदावरच देईन. वामनरावांना बरं वाटेल.

१ ऑगस्ट, सोमवार

पहाटे लाइट आली. चूक असेल वाटलं. मग चौकात कागद चिकटवलेला दिसला. लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं. आजपासून बारशीटाकळीला लाइट सकाळी सहा ते अकरा, दुपारी बंद. सकाळी मशीन, दुपारी कॉलेज. मला नाव काढायची गरजच नाही. सकाळची तुकडी मिळाली असती तर आज सोडावी लागली असती.

अर्ज पिशवीतच ठेवून ऑफिसात गेले, तर खिडकीशी जयवंताताई उभी होती. नाव काढून घेत होती. दुकानवाला वेळ बदलून द्यायला तयार नाही. मी लाइटची वेळ बदलल्याचं सांगितलं, तेव्हा हसली. पायरीवर ज्यांतून सांगायची त्या तिन्ही वह्या माझ्या हातात दिल्या. म्हणाली, "तुयं तरी राह्यलं, बरं झालं."

एकतिसावा रुमाल मीच हट्टानं उचलायला लावला, हे तिला सांगितलं नाही.